भुकटी न टाकता दिलेली चिठ्ठी

वसाहतीच्या फाटकाशी आलं की उंदीरवाला बोका गाडी थांबवायचा, मागून एक जुनी चादर काढायचा आणि गाडीच्या कुशीवर रंगवलेला उंदीर झाकून टाकायचा. तसा नियमच होता. उंदीर त्याच्या मेहुण्यानं रंगवला होता, दोन पायांवर उभा, हातात पांढरं निशाण. गाडी पाहून आपल्याकडे उंदीर आहेत असं लोकांना वाटेल, असं कमिटीचं म्हणणं होतं. खरा उंदीर पाहून लोकांना काय वाटेल, हा विषय कमिटीपुढे कधी आला नव्हता. फाटकावरच्या वहीत कामाच्या रकान्यात त्यानं 'देखभाल' एवढंच लिहायचं, हेही त्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलेलं होतं.

आत एकशेवीस घरं. सहा-सहाच्या रांगा, एका रांगेवर एकच लांबलचक कौलारू छप्पर, पुढे रुमालाएवढी हिरवळ. सगळी घरं इतकी सारखी, की काल कुठल्या घरात चोरी केली हे चोरालाही आठवू नये. बोक्याला मात्र घरं ओळखायला नंबर लागत नसत. तो मागच्या बाजूनं जायचा. पुढच्या दाराला पितळी मूठ लावणाऱ्या बिल्डरनं मागे एसीच्या पाइपाभोवती अंगठा जाईल एवढी फट सोडलेली असायची, आणि अंगठा जातो तिथे उंदराचं पिल्लू जातंच. कुणी तरी शहाणपणा करून त्या फटीत पिवळा फेस भरलेला असायचा. फेस वाळला तरी उंदराच्या दाताला तो पावासारखा मऊच लागतो. उंदरानं तो दोन रात्रीत पोखरलेला असायचा. गॅरेजच्या शटरखालचं रबर कोपऱ्यात कुरतडलेलं असायचं. आणि घरमालक छातीवर हाताची घडी घालून सांगायचा, घर नवीन आहे, इथे उंदीर असणं शक्यच नाही.

"इथे शेत होतं तेव्हापासून उंदीर इथलेच आहेत," बोका पुटपुटायचा. "आलात ते तुम्ही."

त्याचं खरं नाव विजेच्या बिलावर आणि त्याच्या चिठ्ठ्यांवर होतं, बाकी कुठे नव्हतं. तरुणपणी तो धान्याच्या गोदामात पोती शिवायला होता. शिवणाच्या जोडीनं सापळे लावायला शिकला, आणि गोदामवाला एकदा म्हणाला, बोका पाळण्यापेक्षा हा बरा, याला दूध लागत नाही. तेव्हापासून तो बोका. गोदामातल्या माणसांबद्दल त्याच्या मनात अजून माया होती. उंदीर झाले की ती माणसं सरळ ओरडून सांगायची, उंदीर झालेत, या. जुन्या वस्तीतल्या बायका तर उंदराची उंची-रुंदी हातानं दाखवायच्या. नव्या घरातली माणसं कुजबुजायची. एक बाई फोनवर नुसतं "आमच्याकडे ते झालंय" म्हणाली होती. फोन बोक्याची बायको घ्यायची. तिला वाटलं नागीण झाली असेल. तिनं त्वचेचा डॉक्टर सुचवला.

बोक्याला ही माणसं मनापासून तुच्छ वाटत. घर घेताना नळ कुठल्या मुलखातून आलेत ते विचारतात, छपराखाली काय आहे ते विचारत नाहीत. आपल्याच घराचा माळा बघायला त्यांना शिडी लागते आणि शिडी धरायला माणूस. दोन माणसं मिळून एका पिल्लाला घाबरतात आणि वर उंदरांना घाण म्हणतात. उंदीर दिवसातून दहा वेळा अंग चाटून साफ करतो, हे तो सांगायचा तेव्हा समोरची बाई दोन पावलं मागे सरकायची.

स्वतःच्या कामात मात्र तो कडक होता. विष तो शेवटी वापरी, तेही नाइलाजानं, कारण विष खाल्लेला उंदीर भिंतीत जाऊन मरतो आणि मग महिनाभर भिंत वासानं बोलते. त्याची पद्धत वेगळी. आधी संगजिऱ्याची पांढरी भुकटी घ्यायची, भिंतीच्या कडेनं, कपाटाखाली, पाइपाच्या तोंडाशी चाळणीतून पातळ पसरायची आणि निघून यायचं. सकाळी भुकटीवर पुढच्या पायाची चार बोटं, मागच्या पायाची पाच, मध्ये शेपटीची रेघ. कुठून आला, कुठे गेला, किती जण आहेत, सगळं लिहिलेलं. मग सापळे. मग भुकटी सलग तीन दिवस कोरी राहिली की भोकात बारीक तारेचा गुंता कोंबून वरून सिमेंट. आणि सगळ्यात शेवटी चिठ्ठी. छापील कागदावर घराचा नंबर, तारीख, 'उंदराचा मागमूस नाही', खाली सही. भुकटीशिवाय चिठ्ठी त्यानं बावीस वर्षांत दिलेली नव्हती. माणसं खोटं बोलतात, भुकटी बोलत नाही, असं तो सांगे आणि बायको म्हणे, पुरे, गेल्या आठवड्यातही हेच सांगितलंत.

सतरा नंबरचं घर वसाहतीच्या अध्यक्षांचं होतं. चादरीचा नियम त्यांनीच केलेला. त्यांनी बोक्याला मागच्या दारानं बोलावलं, तेव्हाच त्याला मनात हसू आलं. पण अध्यक्ष म्हणाले, उंदीर नाहीतच, ते त्यांना ठाऊक आहे. प्रश्न आईचा आहे. ऐंशीच्या पुढचं वय. तिला छतात आवाज ऐकू येतात. तिचे कागद कुणी तरी खातं म्हणते. डॉक्टरांना शंका आहे की हे वयामुळे आहे, आणि एक चांगली संस्था आहे, अशा लोकांची नीट काळजी घेणारी. फक्त एकदा तज्ज्ञानं पाहून लेखी द्यावं, म्हणजे आपल्याही मनाला शांतता.

तज्ज्ञ हा शब्द बोक्याला आजवर कुणी वापरला नव्हता. तो त्याला गोड लागला, हे त्यानं पुढे बायकोपाशी कबूल केलं.

म्हातारीची खोली वरच्या मजल्यावर मागे होती. पलंग, खुर्ची, भिंतीतलं उंच कपाट. ती खिडकीशी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसली होती, निळ्या शाईच्या पेननं, कारण पेन्सिल भित्र्या माणसांसाठी असते असं तिचं मत होतं. बोक्याकडे तिनं चष्म्यावरून पाहिलं.

"उंदीरवाला का तू?"

"हो, आजी."

"मग ऐक. मी चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात होते. कानाला यंत्र लावून बसायचं काम. कोणत्या तारेत पाणी शिरलंय ते मी खरखरीवरून सांगायचे. या छतात जे चालतं ते पाणी नाही, पाइप नाही, आणि माझं डोकंही नाही. संध्याकाळी एक येतं, पहाटे चारला दुसरं. दुसरं जड आहे. आणि माझी जुनी कोडी होती, कपाटात वरच्या फळीवर खोक्यात. त्यांचा भुगा झालाय. सून म्हणते मीच फाडते आणि विसरते."

बोका मान डोलवत होता. अशा म्हाताऱ्या त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या. एकीच्या गादीत साप होता, एकीच्या नळातून शेजारीण बोलायची. त्यानं टॉर्चनं पलंगाखाली पाहिलं, खिडकीची चौकट पाहिली, जिन्याखाली पाहिलं. लेंडी नाही, कुरतडलेलं नाही, भिंतीवर अंग घासल्याचा तेलकट डाग नाही. कपाटाची वरची दारं उघडायला तो शिडी मागणार होता, पण सून मध्ये आली. वर थंडीची अंथरुणं ठासून भरलेली आहेत, काढली तर परत बसत नाहीत. त्यानं भुकटीचा डबा काढला. सुनेनं फरशीकडे बोट दाखवलं. आरशासारखी काळी फरशी होती, गेल्याच महिन्यात पॉलिश केलेली. भुकटी रेघांत बसते, असं तिला कुणी तरी सांगितलं होतं.

त्या क्षणी बोक्याच्या मनात जे आलं ते असं, की या असल्या बाईशी कोण वाद घालणार, आणि या असल्या म्हातारीवर भुकटी कोण वाया घालवणार. त्यानं डबा पिशवीत टाकला.

म्हातारीनं ते पाहिलं. "भुकटी टाकणार होतास ना?"

"गरज नाही, आजी. काही नाहीये इथे."

"नीट विचार कर," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तो कागद माझा मुलगा डॉक्टरला दाखवणार आहे. कागदावर उंदीर नाही म्हणून आलं, की मी वेडी. इतकं सोपं आहे ते. तू उंदराचं लिहीत नाहीयेस, माझं लिहितोयस."

बोक्यानं खाली जाऊन जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी लिहिली. उंदराचा मागमूस नाही. सही करताना त्याचा हात जराही अडला नाही. अध्यक्षांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि आपल्या फाइलमध्ये ठेवली.

घरी त्यानं हे सगळं रंगवून सांगितलं, म्हातारीची नक्कलसुद्धा केली. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, भुकटी टाकलीत का. तो चिडला. बावीस वर्षं झाली, कुठे काय आहे ते आता मला दारातून कळतं, म्हणाला. मग चाळणी विकून टाका, ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी अठरा नंबरचा फोन आला. तिथे दातांचा डॉक्टर राहायचा, आणि दातांचंच दुखणं झालं होतं. वरच्या मजल्यावरची वायर कुणी तरी कुरतडली होती आणि दिवे गेले होते. या माणसाला बायको नव्हती आणि फरशीचं प्रेमही नव्हतं. कुठे हवं तिथे जा, म्हणाला. बोक्यानं शिडी लावली आणि छताची चौकोनी झाकणी उचलून डोकं वर काढलं.

वास आधी आला. मग टॉर्चच्या उजेडात थर्माकोलच्या चादरीवरून गेलेली पायवाट दिसली, चांगली मळलेली, दोन बोटं रुंद, कडेनं लेंड्या. माणसांच्या रस्त्याला एवढी वर्दळ असती तर कमिटीनं गतिरोधक टाकला असता. बोका वाटेनं पोटावर सरकत गेला. अठराची भिंत वर छपरापर्यंत न्यायची असते; बिल्डरनं ती वीतभर आधी सोडून दिली होती. सहा घरांची छपरं आतून एकच होती, म्हणजे सहा घरांनी मिळून उंदरांना एक लांब ओसरी बांधून दिली होती. वाट त्या फटीतून पलीकडे सतरामध्ये जात होती आणि एका कोपऱ्यात संपत होती, जिथे विजेच्या नळीसाठी सुतारानं म्हातारीच्या कपाटाच्या पाठीला भोक पाडलं होतं आणि बुजवायचं विसरला होता. भोकाशेजारी घरटं होतं.

घरटं कागदाचं होतं. त्यानं हातमोजा चढवला आणि फटीतून हात घालून ते उचललं. बोटाएवढे, नखाएवढे तुकडे, आणि जवळजवळ प्रत्येकावर काळे-पांढरे चौकोन. चौकोनांत निळ्या शाईची अक्षरं. खाडाखोड कुठेही नव्हती.

बोका तुकडे हातात घेऊन तिथेच, थर्माकोलवर पालथा होता. खाली भिंतीपलीकडून पट्ट्या ओढून सूटकेस बांधल्याचा आवाज येत होता. छतात आवाज किती स्वच्छ ऐकू येतो, हे त्याला आता कळलं. इतकी वर्षं त्यानं दुसऱ्यांवर थुंकण्यात घालवली होती. त्या थुंकीचा मोठा वाटा आज त्याच्याच तोंडावर पडला. फरशी जपणारी सून आणि कागद जपणारा मुलगा निदान आपल्या घरासाठी खोटं वागले होते. त्यानं कशासाठी? एका गोड शब्दासाठी आणि पावशेर भुकटी वाचवण्यासाठी.

खाली उतरल्यावर त्यानं डॉक्टरकडे आजींची चौकशी केली. शनिवारी नेणार आहेत, डॉक्टर म्हणाला. फार वाईट झालं, पण तुमचाच तर कागद होता ना? अध्यक्षांनी मीटिंगमध्ये दाखवला होता. वसाहतीत उंदीर नाहीत याचा पुरावा म्हणूनही तो त्यांना उपयोगी पडला.

त्या दिवशी शुक्रवार होता.

डॉक्टरकडून बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन बोक्यानं घरटं त्यात ठेवलं आणि तो सतराच्या दाराशी गेला. या वेळी पुढच्या. अध्यक्षांनी दार अर्धंच उघडलं. डब्यात पाहिलं, मग रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं आणि त्याला आत ओढलं.

पुढचं बोलणं फार सभ्य होतं. अध्यक्ष म्हणाले, हे फार बरं झालं कळलं ते. बंदोबस्त करा, गुपचूप, हवं ते सामान वापरा. फक्त लेखी काही नको. पुढच्या टप्प्यातल्या घरांची विक्री सुरू आहे. अध्यक्षाच्या घरात उंदीर निघाला म्हणून बोभाटा झाला तर लोक काय म्हणतील. आणि आईचं म्हणाल तर, संस्थेत सगळं ठरलंय. जागा मोठ्या मुश्किलीनं मिळाली. तिथे तिला सोबत मिळेल.

बोका म्हणाला, सोबत तर त्यांना इथेही होती, छतात. फक्त कुणी मानत नव्हतं.

"तुम्ही तुमच्या कामापुरतं बोला," अध्यक्ष म्हणाले. "वसाहतीचं काम ठेवायचंय ना तुम्हाला?"

तेवढ्यात म्हातारी जिना उतरून आली. बाहेर जायचे कपडे घालूनच होती, एक दिवस आधी; पाठवताय तर मला तयार बघायची सवय करा, असं ती सकाळी सुनेला म्हणाली होती. तिनं कुणाला काही विचारलं नाही. डबा पुढे ओढला, चष्मा नाकावर सारखा केला आणि दोन बोटांनी एक तुकडा उचलला.

"हे सतरा आडवं," ती म्हणाली. "दोन दिवस अडलं होतं मला."

मग दुसरा तुकडा उचलला, तिसरा. टेबलावर ते एकाशेजारी एक लावत गेली. सुनेनं तुकड्यांखाली सरकवायला एक जुनं वर्तमानपत्र आणलं, आयुष्यभराची सवय.

म्हातारीनं बोक्याकडे पाहिलं. "कागद आहे का तुझा तो छापील?"

त्यानं खिशातून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. अध्यक्ष म्हणाले, आई, हे आपण नंतर बघू. आईनं त्यांच्याकडे न बघता मजकूर सांगायला सुरुवात केली, एक्स्चेंजात सांगत असेल तसा, शब्द तोडून. आजची तारीख. घर नंबर सतरा. छतात उंदीर आहेत, घरटं सापडलं. बोका लिहीत गेला. सही करणार, तोच ती म्हणाली, संपलं नाही अजून.

"लिही. आधीची चिठ्ठी मी तपासणी न करता दिली होती."

बोक्याचं पेन थांबलं. बावीस वर्षांचं नाव त्या एका ओळीत जाणार होतं, आणि ते जाताना बघायला त्याला तुच्छ वाटणारी दोन माणसं समोर उभी होती. त्यानं ओळ लिहिली. खाली सही केली. म्हातारीनं ती वाचली, एक काना राहिला होता तो आपल्या निळ्या पेननं घातला आणि चिठ्ठी चष्म्याच्या घरात घडी करून ठेवली. आता डॉक्टरला हीही दाखवायची, ती मुलाला म्हणाली. आणि फोन इकडे दे, संस्थेचा नंबर मी फिरवते.

बोका म्हणाला, आजी, माझं चुकलं.

"ते लिहिलंयस तू," ती म्हणाली. "बोलून आणखी काय होणार. भुकटी टाक."

त्यानं भुकटी टाकली. अंथरुणं काढून कपाटात, पलंगाभोवती, जिन्याच्या पायऱ्यांवर, आणि मग आरशासारख्या काळ्या फरशीवर, भिंतीच्या कडेनं थेट बैठकीपर्यंत. नियमाप्रमाणे लागते त्यापेक्षा थोडी जास्तच टाकली असावी. सून टाचा वर करून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली. सकाळी फरशीवर दोन माग होते, एक हलका, एक जड. जडाच्या शेपटीची रेघ सोफ्याला वळसा घालून अध्यक्षांच्या फाइलींच्या कपाटाखाली गेलेली होती.

पाच उंदीर निघाले. बोक्यानं भोक तारेनं आणि सिमेंटनं बुजवलं, भिंतीची फट वीट लावून बंद केली, त्याचं काम झालं आणि वसाहतीतलं कामही गेलं. अध्यक्षांनी नवी कंपनी आणली. तिच्या माणसांना निळे गणवेश होते आणि गाडीवर एक हिरवं पान रंगवलेलं होतं, त्यामुळे चादरीचा प्रश्न सुटला. त्यांनी प्रत्येक हिरवळीवर विषाचे काळे डबे ठेवले. ते दिसायला नीटनेटके होते आणि नव्या टप्प्यातल्या गिऱ्हाइकांना दिवे ठेवायच्या पेट्या वाटत.

म्हातारी कुठेही गेली नाही. तिचा फोन पंधरा दिवसांतून एकदा बोक्याच्या घरी येतो. बायकोशी आधी कोड्यातल्या अडलेल्या शब्दाविषयी बोलणं होतं, मग फोन बोक्याकडे.

"सोळामध्ये सुरू झालंय," परवा ती म्हणाली. "भिंतीला कान लावला की कळतं. काल जोरात होतं, आज हळू झालंय. तिथले लोक म्हणतात, नाहीच."

बोका म्हणाला, त्यांनी बोलावल्याशिवाय मला फाटकातून सोडत नाहीत, आजी.

"बोलावतील. हळू झालंय म्हणजे विष खाल्लंय. चार दिवस थांब, वास सुटू दे."

फोन ठेवून त्यानं चाळणी झटकली, भुकटीचा डबा भरून घेतला आणि गाडीत पुढच्या सीटवर ठेवला. चादरीचं मात्र बायकोनं धुवून पायपुसणं केलं होतं.